एक सुलट, दोन खून

‘पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की त्यातला दोरा आता दिसतच नाही. इंग्रजांचंही तेच झालंय. त्यांच्या ‘क्लू’चा जुना अर्थ सुताचा गुंडा. भूलभुलैयातून परतीची वाट सापडावी म्हणून ग्रीक कथेतल्या ॲरिआड्नीनं थिसियसच्या हाती दिला, तो गुंडाच पुढे ‘सुगावा’ झाला. (गुंडा सुताचा, बरं का. दुसरे गुंड पुढे येतीलच.) मग लोकरीच्या दुकानात विणत बसणाऱ्या बायकांनी खुनाचा गुंता सोडवला, तर नवल कसलं?

अशा कादंबऱ्यांचं अमेरिकेत अख्खं दालन आहे. नाव ‘कोझी मिस्टरी’. आपल्या टीकोझीतला, ऊबदार असा तो कोझी. गाव लहान, शोध घेणारी बाई हौशी, रक्तपात पानाआड, जोडीला बहुधा एखादं मांजर. यात विणकाम-भरतकामवाल्यांचा तर स्वतंत्र सुभा आहे.

आद्य विणकरीण अर्थातच मिस मार्पल. १९२७ साली ती पहिल्यांदा एका मासिकातल्या कथेत आली, तीच मुळी विणता विणता. मंगळवारी रात्री जमलेली मंडळी न उलगडलेल्या गुन्ह्यांवर डोकं चालवतायत, कोपऱ्यातल्या म्हातारीच्या हातात पांढरी मऊ लोकर, आणि उत्तर नेमकं तिलाच येतं. विणणाऱ्या बाईचं लक्ष विणण्यातच असतं, असं समजणारे पुरुष या प्रकारच्या कथांना जन्मभर पुरलेत.

पण माझ्या मते या सगळ्यांची खरी आजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली. डिसेंबर १९०० मध्ये तिथे जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेतच कुऱ्हाडीनं खून झाला. आरोप बायकोवर, मार्गारेटवर. खटल्याच्या बातम्या देत होती सुसान ग्लास्पेल ही तरुण वार्ताहर. बाईला शिक्षा झाली, पुढे ती वरच्या न्यायालयानं रद्द केली आणि फेरखटल्यात ज्युरींचं एकमतच होईना. ग्लास्पेलच्या डोक्यातून मात्र ते घर गेलं नाही. १९१६ मध्ये तिनं ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली. ट्रायफल्स म्हणजे किरकोळ गोष्टी. पुरुष मंडळी माडीवर आणि गोठ्यात पुरावे शोधत हिंडतात. खाली स्वयंपाकघरात दोन बायका आरोपी बाईची अर्धवट गोधडी चाळतात. सगळे टाके एकसारखे, सुबक. फक्त एका तुकड्यावर वेडेवाकडे. हात थरथरत असताना घातलेले. दोघींना जे कळायचं ते कळतं. त्यातली एक सुई-दोरा घेते आणि तो तुकडा उसवून नीट शिवू लागते. म्हणजे पुरावाच नष्ट! गोधडीला टाके घालायचे होते की नुसत्या गाठी मारायच्या होत्या, ही त्यांची चर्चा ऐकून पुरुष हसतात. या गोष्टीतला नवरा गळ्याला दोर आवळून मेलेला आहे, हे लक्षात ठेवलं की ते हसू ऐकवत नाही. हे सगळं एका अंकात. पुढच्या किती कादंबऱ्या या एका टाक्यावर उभ्या आहेत!

अर्लीन फाउलरनं गोधडी थेट मुखपृष्ठावर आणली. १९९४ च्या ‘फूल्स पझल’पासून तिच्या बेनी हार्पर मालिकेतली शीर्षकं म्हणजे गोधडीच्या पारंपरिक नमुन्यांची नावं. त्यातल्या ‘मरिनर्स कंपस’ला अगाथा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार म्हणजे चहाची किटली. खरीखुरी. त्यावर घालायची टीकोझी विजेत्यानं स्वतः विणायची असणार.

शब्दखेळात मॅगी सेफ्टन पुढे. विणकामात ‘एक सुलट, दोन उलट’ला इंग्रजीत ‘निट वन, पर्ल टू’ म्हणतात. तिच्या २००५ च्या पहिल्या कादंबरीचं नाव ‘निट वन, किल टू’! तिची नायिका हिशेबनीस आहे, त्यामुळे टाके आणि आकडे दोन्ही चुकत नाहीत.

मोनिका फेरिसचं एक्सेल्सिअर हे गाव तर नकाशावरच आहे, मिनेसोटात, मिनेटोंका तळ्याकाठी. १९९९ च्या ‘क्रूएल वर्ल्ड’मध्ये भरतकामाच्या दुकानाची मालकीण मारली जाते आणि बहीण बेट्सी तपासाला लागते. टाका धड घालता येत नसताना. ‘क्रूएल’ हा लोकरीच्या भरतकामाचा प्रकार. उच्चार ऐकला की ‘क्रूर’सुद्धा. पुढच्या पुस्तकात तळ्यातून जुनी बोट वर काढतात आणि सांगाडा निघतो. बोटीची कल्पना हवेतून आलेली नाही: त्या तळ्यात १९२६ साली बुडवून टाकलेली ‘मिनेहाहा’ ही बोट १९८० मध्ये खरोखर वर काढली गेली. सांगाडा तेवढा लेखिकेच्या पदरचा.

आणि कुणी म्हणेल, विणकामाच्या सुईनं कधी हेरगिरी होते का? फिलिस लातूर १९४४ मध्ये ब्रिटनची हेर म्हणून नॉर्मंडीत उतरली, तेव्हा सांकेतिक खुणा छापलेलं रेशीम तिनं विणकामाच्या सुईवर गुंडाळलेलं असे. ती सुई बुटाच्या चपट्या नाडीत लपवायची आणि नाडीनं केस बांधायचे. जर्मनांनी तपासलं तर केस मोकळे सोडून दाखवायचे, झालं. तिनं तिथून १३५ संदेश पाठवले.

खुनी कोण हे आधीच बघायला शेवटचं पान उघडायची सवय असेल, तर फेरिसच्या पुस्तकांच्या वाटेला जाऊ नका. तिथे भरतकामाचा नमुना छापलेला असतो.