पनवेलचे 78 नगरसेवक आणि 2011 ची शिरगणती

पनवेल महापालिकेच्या 2017 मधील पहिल्या निवडणुकीत 78 नगरसेवक निवडून आले. 15 जानेवारी 2026 रोजी दुसऱ्या निवडणुकीसाठी मतदान झाले, तेही 78 जागांसाठीच. मधल्या काळात बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली, खारघरपासून तळोज्यापर्यंत इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि कामोठे-कळंबोलीतील मोकळे भूखंड भरत गेले. नगरसेवकांचा आकडा मात्र जागचा हलला नाही. याला कोणा पक्षाचे राजकारण कारणीभूत असावे, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक त्याचे मूळ एका साध्या गणितात आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 5 नुसार 3 लाखांपर्यंतच्या लोकसंख्येला किमान 65 सदस्य आणि त्यापुढे 6 लाखांपर्यंत दर 15 हजारांमागे एक वाढीव सदस्य मिळतो. 2011 च्या जनगणनेनुसार पनवेल महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 5 लाख 9 हजार 901 आहे. तीन लाख वजा करून उरलेल्या संख्येला 15 हजारांनी भागले की पूर्ण 13 भाग पडतात. 65 अधिक 13 म्हणजे 78. आणखी 99 माणसांची नोंद झाली असती तर सभागृहात 79 वी खुर्ची आली असती! मध्यंतरी, 2021 च्या अखेरीस महाविकास आघाडी सरकारने कायद्यातील किमान संख्या वाढवली, तेव्हा पनवेलच्या वाट्याला 89 जागा आल्या होत्या. त्यावर निवडणूक होण्याआधीच सत्तांतर झाले आणि ऑगस्ट 2022 मध्ये जुने प्रमाण परत आले.

सदस्यसंख्या ठरल्यानंतर प्रभागांच्या सीमा आखल्या जातात. सध्या पनवेलमध्ये 20 प्रभाग आहेत. त्यांपैकी 18 प्रभाग चार सदस्यांचे व दोन तीन सदस्यांचे आहेत. एका नगरसेवकामागे सरासरी 6 हजार 537 लोकसंख्या धरली, तर चार सदस्यांच्या प्रभागात साधारण 26 हजार लोक यावेत. यात दहा टक्के कमी-अधिक चालते. आखणीची सुरुवात शहराच्या उत्तरेकडून करायची, ईशान्येकडून पूर्वेला व तेथून पश्चिमेला असे नागमोडी वळत शेवट दक्षिणेला करायचा, असा दंडक आहे. सीमा शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता किंवा लोहमार्ग यांवरून जावी आणि जनगणनेचा प्रगणक गट मध्येच फोडू नये, अशीही अपेक्षा असते. शीव-पनवेल महामार्ग, हार्बरची लोहमार्गिका, गाढी व कासाडी नदी यांनी आधीच चिरलेल्या शहरात ही सारी पथ्ये एकाच वेळी पाळणे सोपे नाही, हे मान्य करावे लागेल.

ही आखणी करतो कोण? प्रारूप महापालिका आयुक्त तयार करतात. ते नगरविकास विभागाकडून राज्य निवडणूक आयोगाकडे जाते, त्यावर हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग ते अंतिम होते. पूर्वी या कामावर आयोगाचाच अंमल असे. मार्च 2022 मधील कायदाबदलाने राज्य सरकारने त्यात आपले स्थान पक्के करून घेतले. ज्यांना निवडणूक लढवायची आहे, त्यांच्याच विभागाच्या टेबलावरून नकाशा पुढे सरकावा, ही गोष्ट खटकणारी आहे. मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो. प्रभागात किती सदस्य असावेत, याबाबतची धरसोड तर सर्वपक्षीय आहे. राज्यात मुंबईबाहेरील महापालिकांत 2002 मध्ये तीन सदस्यांचे, 2007 मध्ये एका सदस्याचे, 2012 मध्ये दोन सदस्यांचे आणि 2017 मध्ये चार सदस्यांचे प्रभाग झाले. मुंबईत मात्र एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत सुरू आहे. खाडीच्या अलीकडे आले की नागरिकाला चार प्रतिनिधी का लागतात, याचे पटेल असे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

चार प्रतिनिधी म्हणजे चौपट सेवा, असा अनुभव नाही. गटार तुंबले तर ‘अ’ जागेचा सदस्य ‘क’ जागेच्या सदस्याकडे बोट दाखवू शकतो. शिवाय 26 हजारांच्या प्रभागात पदरमोड करून फिरणे एकट्या उमेदवाराच्या आवाक्याबाहेरचे असते. 2017 मध्ये भाजपला 51, शेतकरी कामगार पक्षाला 23 आणि काँग्रेस व राष्ट्रवादीला प्रत्येकी 2 जागा मिळाल्या. अपक्ष एकही निवडून आला नाही.

याची झळ सर्वाधिक बसते ती गावांना. 1852 पासून नगरपालिका असलेले पनवेल शहर आणि 29 गावे एकत्र करून 1 ऑक्टोबर 2016 रोजी ही महापालिका झाली. दीड ते तीन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीत 9 सदस्य असत. सरपंच हाकेच्या अंतरावर असे. आता तेवढेच गाव सिडको वसाहतीच्या प्रभागातला एक कोपरा झाले आहे. गावठाणाबाहेरच्या घरांचा प्रश्न आणि सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न एकाच चौकडीने मांडायचा, आणि मते सोसायट्यांत अधिक!

वसाहतींचे गाऱ्हाणे वेगळे आहे. त्यांची माणसे वाढली. पण कागदावर ती नाहीत. 2021 ची जनगणना झाली नाही, त्यामुळे 2025 ची प्रभागरचनाही 2011 च्या आकड्यांवरच झाली. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल मतदारसंघात सहा लाखांहून अधिक मतदार होते. या मतदारसंघात महापालिकेबाहेरची काही गावे येतात हे खरे. तरीही केवळ मतदारांचा आकडा महापालिकेच्या 2011 मधील एकूण लोकसंख्येच्या पुढे जावा, यावरून अंतर किती पडले आहे याची कल्पना यावी. दहा टक्क्यांची मर्यादा कागदावर काटेकोर पाळली गेली. परंतु 2011 नंतर वसलेल्या भागातील मताचे वजन जुन्या पनवेलमधील मतापेक्षा हलके ठरते.

त्यातच जुलै 2022 मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात रेंगाळल्याने साडेतीन वर्षे प्रशासकांचा कारभार राहिला. सिडकोला सेवाशुल्क भरलेल्या रहिवाशांकडून 2016 पासूनचा मालमत्ता कर मागितल्याचा वाद याच काळात धुमसत होता. त्यावर सभागृहात बोलायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता.

आता 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक धरून देशाची जनगणना व्हायची आहे. पनवेलची लोकसंख्या 6 लाखांच्या पुढे गेली की कायद्याचा पुढचा टप्पा लागू होईल: किमान 85 सदस्य आणि दर 20 हजारांमागे एक. उदाहरणादाखल 10 लाख लोकसंख्या धरली, तर 105 नगरसेवक होतील आणि प्रत्येकामागे साडेनऊ हजार लोक येतील. म्हणजे जागा वाढूनही नगरसेवक आजच्यापेक्षा दूरच जाईल. पुढच्या प्रारूपावर हरकती नोंदवायला साधारण दोन आठवडेही मिळत नाहीत. तेव्हा आपली इमारत कोणत्या प्रगणक गटात नोंदली गेली, हे सोसायट्यांनी आणि गावकी समित्यांनी जनगणनेच्या वेळीच लिहून ठेवलेले बरे.