चाकांची हरवलेली कांती

ज्या काळी आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणत, त्या काळच्या गृहिणींना या धातूच्या स्वभावाची जी पारख होती, ती मोटारीची चाके चकचकीत करावयास निघालेल्या आजच्या पुष्कळ हौशी मंडळींना नसते. रोज पाणी तापवून काळवंडलेले पातेले चिंचेचा कोळ उकळला की उजळते आणि तेच पातेले धुण्याच्या सोड्याने घासले तर अधिकच काळे पडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आम्ल आणि आम्लारी या दोहोंचाही परिणाम ज्याच्यावर होतो असा हा धातू आहे, आणि चाकांच्या बाबतीतल्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीच्या विस्मरणात आहे.

ॲल्युमिनियम हवेत उघडा पडला की त्यावर तत्क्षणीच ऑक्साइडचा एक थर धरतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर, परंतु काठिण्य असे की याच ऑक्साइडच्या स्फटिकात क्रोमियमचा लेश मिसळला म्हणजे त्यास आपण माणिक म्हणतो. हे पारदर्शक कवच धातूचे रक्षण करते. चाक निस्तेज होते ते या कवचामुळे नव्हे, तर कवच भेदले गेल्यामुळे. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेतील क्लोराइडे त्यास ठिकठिकाणी छिद्रे पाडतात आणि तेथे पांढरी भुकटी जमते. ब्रेकच्या डिस्कमधून झिजून उडालेले लोखंडाचे तप्त कण पृष्ठभागात रुतून बसतात व पुढे गंजतात. अशा रीतीने जो पृष्ठभाग आरशासारखा सपाट होता तो सूक्ष्म खाचखळग्यांनी भरून जातो, प्रकाश एका दिशेने परत न येता विखुरतो, आणि आपण म्हणतो की चकाकी गेली. चकाकी परत आणणे म्हणजे वास्तविक पृष्ठभाग पुन्हा समतल करणे होय. कोणतेही द्रव्य नुसते ओतून ते साधत नाही.

या कामी सर्वांत आधी चाकाच्या जातीची खातरजमा करावी. बुगाटीने १९२४ साली आपल्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीस ॲल्युमिनियमची ओतीव चाके बसविली. अमेरिकेत अल्कोआ कंपनीने १९४८ साली ट्रकांसाठी घडीव ॲल्युमिनियमचे चाक काढले, आणि तेथील लांब पल्ल्याचे ट्रकचालक अशी उघड्या धातूची चाके आजही स्वहस्ते घासून आरशासारखी ठेवतात. आपल्या प्रवासी मोटारींची अलॉय चाके मात्र बहुधा सुमारे ७ टक्के सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूची ओतीव असून त्यांवर रंगाचा किंवा पारदर्शक लॅकरचा लेप असतो. लेप आहे की नाही हे कळण्याचा उपाय सोपा आहे. आतल्या बाजूस कोपऱ्यात धातूचे थोडे पॉलिश स्वच्छ फडक्याने घासावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. नाही झाले तर लेप आहे, आणि त्यावर धातूचे पॉलिश रगडल्याने लेपच खराब होईल. लेपाखाली बारीक पांढऱ्या सुतासारख्या रेषा पसरलेल्या दिसल्या, तर खारे पाणी ओरखड्यातून आत शिरले आहे असे समजावे. तेथे लेप पूर्ण काढल्यावाचून इलाज नाही.

माझ्या स्वतःच्या मोटारीची चाके एका धुलाईकेंद्रात घाईने ओतलेल्या तीव्र द्रावणामुळे डागाळली, तेव्हापासून मी हे काम दुसऱ्याच्या हाती दिलेले नाही. ‘चाके क्षणात उजळतात’ अशा काही द्रावणांत फ्लोराइडयुक्त आम्ल असते, आणि ते केवळ धातूसच नव्हे तर माणसासही घातक आहे. ते त्वचेतून आत झिरपते, शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते, आणि द्रावण सौम्य असेल तर वेदना तासन्‌तास उशिरा सुरू होतात. अशा बाटलीस घरात थारा देऊ नये.

चाक थंड असताना, सावलीत, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. रुतलेल्या लोहकणांसाठी मिळणारे द्रावण लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते. ते वाळू न देता धुऊन टाकावे. खड्डे खोल असतील तरच वॉटर पेपर हाती घ्यावा. ४०० नंबरपासून ६००, १०००, १५०० असे करीत २००० पर्यंत, पाणी घालीत, प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाचा ओरखडा शिल्लक आहे की नाही हे डोळ्यांस दिसते. येथे घाई केली तर पुढे कितीही बफ मारला तरी तो ओरखडा चकाकीतून डोकावत राहतो. लोखंडी काथ्या मुळीच वापरू नये. त्याचे तुटलेले तंतू धातूत राहून गंजतात. त्यानंतर पॉलिश लावावे, हातभर जागेपेक्षा अधिक एका वेळी घेऊ नये, आणि काळा मळ सुकण्यापूर्वीच पुसावा. उरलेला तेलकटपणा टिपण्यासाठी अमेरिकेतील ट्रकचालक चक्क मैदा भुरभुरून कोरड्या फडक्याने पुसतात, आणि ही युक्ती खरोखरच उपयोगी पडते. यंत्राने बफ मारणाऱ्याने चष्मा व मास्क अवश्य घालावा, आणि ॲल्युमिनियमची कोरडी भुकटी विस्तवापासून दूर ठेवावी, कारण ती पेट घेते. इंजिन चालू ठेवून फिरत्या चाकावर हात धरण्याचा प्रकार बोटे गमावण्याचा आहे. पॉलिश ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नये.

उघड्या धातूवर शेवटी मेणाचा हात द्यावा. तो काही आठवडेच टिकतो, पण पुन्हा लावणे सोपे असते. प्रत्येक बफिंगबरोबर धातूचा थोडा अंश जातो, म्हणून वर्षातून अनेकदा पॉलिश करण्यापेक्षा आठवड्यास एकदा साध्या साबणाने धुणे बरे. आणि धुताना चाकाच्या आतल्या बाजूवर, बोल्टांच्या छिद्रांभोवती आणि आऱ्यांच्या मुळाशी नीट नजर फिरवा. तेथे केसाएवढाही तडा दिसला, तर पॉलिशचा डबा बंद करून ते चाक त्याच दिवशी गाडीवरून उतरवा.