‘यावत्तावत्’ आणि संगणकाची भाषा

पाचोऱ्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी चाळीसगांवास येते. तेथून जवळच, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटणें हें प्राचीन ठाणें आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं येथील एक शिलालेख १८६५ सालीं प्रसिद्ध केला. लेखाचा काळ शके ११२८ हा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं येथें मठ स्थापिला, व निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्या मठास दान दिलें, अशी त्यांत नोंद आहे. लेख बव्हंशीं संस्कृतांत असून शेवटचा भाग मात्र त्या काळच्या मराठींत आहे. गांवांत जितके घाणे चालतील तितक्यांमागें एकेक पळी तेल मठास द्यावें, अशा अर्थाचें एक कलम त्या मराठी भागांत आहे.

या कलमांत घाण्यांची संख्या सांगितलेली नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पुढील वर्षीं किती घाणे चालतील हें देणाऱ्यास ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. संख्या बदलली तरी नियम तोच राहतो. जिची किंमत बदलूं शकते अशा राशीस नांव देऊन तिच्याविषयीं नियम सांगणें, हेंच ‘चल’ या कल्पनेचें मर्म होय.

ज्यांचे ग्रंथ त्या मठांत शिकविले जावयाचे होते, त्या भास्कराचार्यांनीं अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितकें तितकें’, असेंच नांव वापरलें आहे. एकाहून अधिक अज्ञातें असल्यास कालक, नीलक, पीतक, लोहितक अशीं रंगांचीं नांवें येतात, आणि गणित मांडतांना त्यांचीं आद्याक्षरें, या, का, नी, पी, लो, लिहितात. ज्ञात संख्येपूर्वीं ‘रू’ हें अक्षर येतें, व ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. त्यांच्या ‘बीजगणितां’तील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एकाजवळ ३०० रूपें व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्यास १०० रूपांचें ऋण आहे. दोघांचें वित्त सारखें आहे, तर घोड्याची किंमत काय? पहिली बाजू ‘या ६ रू ३००’ अशी मांडून तिच्याखालीं ‘या १० रू १००’ ही दुसरी बाजू लिहावयाची, आणि या शेवटच्या १०० वर ऋणाचें टिंब द्यावयाचें. ४ घोड्यांची किंमत ४०० ठरते, म्हणून एका घोड्याची १००.

आजच्या संगणकास आज्ञा देण्याच्या ज्या सुटसुटीत भाषा आहेत, त्यांस स्क्रिप्ट-भाषा म्हणतात. त्यांपैकीं ‘पायथॉन’ ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या २००८ पासूनच्या तिसऱ्या आवृत्तींत चलांचीं नांवें देवनागरींतही लिहितां येतात. अंक मात्र इंग्रजी वळणाचे द्यावे लागतात. येथें छपाईच्या सोयीसाठीं ते देवनागरींत दिले आहेत. पाटण्याचें कलम त्या भाषेंत असें होईल :

घाणे = ७
पळी = १
तेल = घाणे * पळी

पहिल्या दोन ओळींत नांवांस किंमती दिल्या. तिसऱ्या ओळींत ताऱ्याचें चिन्ह गुणाकाराचें असून ‘घाणे * पळी’ हीं दोन नांवें व तें चिन्ह मिळून जी रचना झाली, तिला पदावली म्हणतात. पदावलीचा हिशेब करून एक किंमत निघते. येथें ती ७.

येथें शाळेंत बीजगणित शिकलेला मनुष्य हमखास अडखळतो. भास्कराचार्यांच्या दोन बाजू समान होत्या; येथील ‘=’ हें चिन्ह समानता सांगत नाहीं, तें आज्ञा करतें. उजवीकडील पदावलीची किंमत आधीं काढावी व ती डावीकडील नांवाखालीं ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच ‘घाणे = घाणे + १’ ही ओळ बीजगणितांत असंभव असली तरी येथें निर्दोष आहे. जुनी किंमत ७, तींत १ मिळविला, आणि ८ ही नवी किंमत त्याच नांवाखालीं गेली. दोन किंमती समान आहेत काय असें विचारावयाचें असेल, तर तेंच चिन्ह दोनदां, ‘==’ असें, लिहावें लागतें.

यांतूनच सर्वांत घातक चूक उद्भवते. पाचोऱ्याच्या बाजारांत कोणा शेतकऱ्यानें १२ क्विंटल कापूस आणला, १ क्विंटल घट धरली, आणि दर ७००० रुपये ठरला, असें समजूं. रक्कम काढणारी ओळ अशी :

रक्कम = (वजन - घट) * दर

उत्तर ७७,००० येतें. कंस गाळल्यास यंत्र गुणाकार आधीं करील, १२ मधून ७००० वजा करील, आणि उणे ६,९८८ असें उत्तर देईल. म्हणजे कापूस देऊन शेतकरीच देणेकरी! ही चूक तत्काळ नजरेस येते, म्हणून ती तितकी भयंकर नाहीं. पण या ओळीनंतर कोणी ‘दर = ७२००’ असें लिहिलें तर? रक्कम ७९,२०० होईल अशी कल्पना होते. ती ७७,००० च राहते. ‘रक्कम’ या नांवाखालीं नियम ठेवलेला नव्हता, त्या क्षणीं निघालेला आंकडा ठेवला होता. ती ओळ पुन्हा चालविल्याशिवाय तो बदलत नाहीं. यंत्र तक्रार करीत नाहीं, कागद नीटनेटका छापून येतो, आणि शेतकऱ्याचे २,२०० रुपये निमूटपणें बुडतात.

दुसरी सावधगिरी शुद्धलेखनाची. यंत्रास ‘पळी’ आणि ‘पळि’ हीं दोन निरनिराळीं नांवें आहेत. न दिलेलें नांव पदावलींत वापरल्यास यंत्र थांबतें व चूक दाखवितें. परंतु किंमत देतांनाच ऱ्हस्वदीर्घ चुकलें, तर तें बिनतक्रार एक नवें चल निर्माण करतें, आणि जुन्याची किंमत जशीच्या तशी राहते.

तिसरी सावधगिरी अंक आणि अक्षर यांच्या भेदाची. ७ + ५ या पदावलीची किंमत १२; पण तेच अंक अवतरणचिन्हांत, ‘७’ + ‘५’ असे, लिहिले तर यंत्र त्यांस मजकूर समजतें व एकापुढें एक जोडून ‘७५’ करतें. कागदावरून किंवा विचारपूस करून घेतलेली माहिती बहुधा मजकूर म्हणूनच येते. तिची संख्या करून घेण्याचें काम लिहिणाराचें आहे. भास्कराचार्यांच्या मांडणींत ज्ञात संख्येमागें ‘रू’ आणि अज्ञातामागें ‘या’ येई, तेव्हां कोणती राशि कोणत्या जातीची हें डोळ्यांनाच दिसे. पर्ल ही भाषा आजही साध्या चलाच्या नांवापूर्वीं डॉलरचें चिन्ह मागते, तें अशाच ओळखीसाठीं. पायथॉनमध्यें असें चिन्ह नाहीं, म्हणून ती ओळख लिहिणारानें मनांत बाळगावी लागते.

घरांत कोणी मुलगा वा मुलगी ही विद्या शिकूं लागल्यास वडील मंडळींनीं एक सोपी परीक्षा घ्यावी. कोणतीही ओळ पुढें ठेवून तीन प्रश्न विचारावे : उजवीकडील प्रत्येक नांवाची या क्षणीं किंमत काय, चिन्हांपैकीं कोणतें आधीं लागतें, आणि आलेलें उत्तर कोणत्या नांवाखालीं जातें. कागदावर तीन रकाने आंखून प्रत्येक ओळीनंतर या किंमती लिहीत गेल्यास यंत्राजवळ बसण्यापूर्वींच बहुतेक चुका सांपडतात. तेलाचा हिशेब घेणाऱ्या मठाच्या कारभाऱ्यासही प्रत्येक खेपेस घाणे नव्यानेंच मोजावे लागत असतील.