पुण्याची मोरी, सोलापूरचा तांब्या

कायद्याची भाषा रुक्ष असते, हे आम्हां मराठीच्या मास्तरांचे ठरलेले मत. पण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातला एक शब्द मला मोठा गोड वाटतो : 'संमती'. सांडपाणी नदीत सोडायचे तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची आगाऊ संमती हवी. नदीला कोणी विचारीत नाही. तिच्या वतीने मंडळच हो-नाही म्हणते!

या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. आपला स्वतःचा कायदा १९६९ चा, मंडळ १९७० चे. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने दिल्लीचा कायदा राज्यांनी ठरावाने स्वीकारायचा होता. आपण तो १९८१ साली स्वीकारला. ऐकत नसलेल्या कारखान्याचे वीज-पाणी तोडण्याचा अधिकार मंडळाला १९८८ पासून मिळाला.

कारखान्याचे ठीक, पण घाण सोडणारे अख्खे शहरच असेल तर? शहराचे पाणी कोण तोडणार?

खडकवासल्याहून निघालेली मुठा पुण्यात शिरते, संगमावर मुळेला भेटते आणि आपल्या मोऱ्यांचे, संडासांचे पाणी पोटात घेऊन भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात साठते. ते पाणी सोलापूरकर शुद्ध करून पितात. धरणातून सोडलेले पाणी पंढरपुरी चंद्रभागा म्हणून वाहते. वारकरी तिच्यात बुडी मारतो ती श्रद्धेने. वर काय मिसळले, हे त्याने का तपासावे?

तपासण्याचे माप आहे, त्याला बीओडी म्हणतात. पाण्यातली घाण फस्त करताना सूक्ष्मजंतू पाच दिवसांत किती प्राणवायू संपवतात, त्याचा हा हिशेब. स्नानाच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा. प्राणवायू सरला की आधी मासळी मरते, मग वास सुटतो.

पुण्यासाठी २०१६ साली ९९० कोटींची योजना मंजूर झाली : ११ शुद्धीकरण केंद्रे, रोज ३९.६ कोटी लिटर सांडपाणी. मुदत २०२२ ची होती, ती हुकली. त्याच वर्षी काठांच्या सुशोभनाला मात्र आरंभ झाला. पाहुण्यांसाठी गालिचा अंथरण्याआधी घर झाडावे, असे आमच्या घरातले मंडळी तरी म्हणतात.

महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थितीचा अहवाल मांडावा लागतो. वाचकहो, फराळाची ताटली बाजूला सारून त्यातले सांडपाण्याचे पान एकदा काढून पाहाच.