दमेकऱ्याने बुरशीचा कडबा झाडू नये
भिजलेला कडबा, भुसा किंवा खत उपसताना धुळीसोबत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पण दमा असलेल्या काहींना त्याची ॲलर्जी जडते. पंप घेऊनही धाप लागते, खोकल्यातून तपकिरी घट्ट बेडके पडतात. एक्स-रेत डाग दिसतो आणि टीबी समजून महिनोन्महिने गोळ्या चालतात. थुंकीत टीबी सापडला नसेल तर छातीच्या डॉक्टरांना आयजीई आणि ॲस्परजिलसच्या रक्ततपासणीबद्दल विचारा; गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. ड जीवनसत्त्व उन्हात राबणाऱ्यांतही कमी निघतं. ते भरून काढा, पण नुसत्या पुडीने हा आजार जात नाही. गंजी दुसऱ्या कुणाला उपसू द्या. त्यानेही रुमाल नाही, एन-९५ मास्क बांधावा.