रविवारचं बुकिंग

पहाटे ४.४५
क्रुझर धुवायला दोन बादल्या पाणी. तिसरी मिळत नाही, हा माणदेश आहे. आधी काचा, मग बाजू, उरलेल्या पाण्यात चाकं. सीटच्या रेक्झिनच्या शिवणीत मागच्या रविवारचा गुलाल बसलाय. तो फडक्यानं निघत नाही. ड्रायव्हरदादा जुना टूथब्रश घेतात, शिवणीवरून उलटासुलटा फिरवतात, फुंकर मारतात, परत घासतात. बोटांना गुलाबी राड लागते. "पांढरं लुगडं नेसलेली आज्जी बसली की मग बोलणी खावी लागत्यात," ते म्हणतात.

सोमवार ते शनिवार ही गाडी म्हसवड-दहिवडी वडाप मारते. रविवार म्हसवडच्या सिद्धनाथाचा वार. त्या दिवशी देवदर्शनाचं बुकिंग.

सकाळी ६.१५
सिद्धनाथाचं देऊळ. ठाण्याहून रात्रभर प्रवास करून आलेलं नऊ जणांचं कुटुंब, मूळ इथलंच. भाडं फोनवर ठरलंय : शिंगणापूर, गोंदवले, खरसुंडी मिळून ३,८०० रुपये.

दादा गाडीपाशी थांबत नाहीत, आत येतात. नाथ आणि जोगेश्वरी जोडीनं आहेत, हे पोरांना दाखवतात. दिवाळी पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत इथं भक्त उभं नवरात्र धरतात. बारा दिवस बसायचं नाही. तुळशीच्या लग्नाला देवाचंही लग्न लागतं, मग मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला नवरानवरीची रथातून वरात. "आणि बारा दिवस झोपायचं कसं?" धाकटी विचारते. "उभ्या उभ्या. टेकून." पोरगी खांबाला टेकून डोळे मिटून बघते.

ही सगळी माहिती भाड्यात धरलेली नाही. माझ्या मते धरायला हवी.

सकाळी ७.००
पंपावर १,८०० रुपयांचं डिझेल. दादा आधी काट्यावरचा शून्य बघतात, मग नळीकडे. वडे आणि चहा पाहुण्यांकडून.

सकाळी ८.४०
दहिवडी सोडली की पुढं शिखर शिंगणापूरचा डोंगर. चढाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. एसी बंद. पाहुणे कुरकुरतात, पण दादांची नजर इंजिनच्या काट्यावर. पार्किंगची पावती ५० रुपये, ती त्यांच्या खिशातून.

आज्जींचे गुडघे धरलेत. पायऱ्या बघून त्या म्हणतात, "मी हितंच बसते, कळसाला हात जोडते." दादा काहीच बोलत नाहीत. डाव्या हातात त्यांची पिशवी घेतात आणि उजवा कोपर पुढं करतात. दहा पायऱ्या, थांबा. परत दहा, थांबा. घाई केली की माणूस बसतो, बसला की उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सून मागून म्हणते, "दादा, तुम्ही राहू द्या, आम्ही धरतो." "तुम्ही फुडं व्हा. रांग धरा."

शंभूमहादेवाच्या गाभाऱ्यात दोन लिंगं, शिव आणि पार्वती. भोसले घराण्याचं हे कुलदैवत. खालचं मोठं तळं शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधलं. चैत्रात सासवडहून भुतोजी तेल्याची कावड येते आणि मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून वर चढवतात, माणसं हातांची साखळी करून. ती वाट दादा वरून दाखवतात. मी तिथं वाकून पाहिलं. नुसतं खाली बघतानाच पाय आखडतात, खांद्यावर कावड घेऊन ती वाट चढणाऱ्यांचं मला फार मोठं वाटतं.

आज्जी खाली येतात तेव्हा सव्वादहा झालेले. उतरताना जास्त वेळ लागला. गुडघ्याला उतारच वाईट.

दुपारी १२.१०
गोंदवले. ब्रह्मचैतन्य महाराजांनी १९१३ साली इथं देह ठेवला. समाधीमंदिरात बोलणं आपोआप हळू होतं. दुपारचा महाप्रसाद सगळ्यांना, पैसे नाहीत. मालक, ड्रायव्हर, पाहुणे एकाच पंगतीत. दादा दोनदा आमटी घेतात. बाहेर जेवले असते तर १२० रुपये गेले असते, ते वाचले.

दुपारी १.३०
पुढच्या चाकातली हवा बसलेली. जॅक, पाना, स्टेपनी. नटावर उभं राहून वजन टाकावं लागतं, मग तो करकरून सुटतो. २० मिनिटं. पाहुणे लिंबाखाली. म्हसवडात आल्यावर पंक्चर : १५० रुपये.

दुपारी ३.००
दिघंची रस्त्याकडं राजेवाडीचा तलाव. १८७६-७७च्या दुष्काळात माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून याचं काम काढलेलं. पाहुण्यांना फोटो काढायचे नाहीत, त्यांना झोप आलीय. दादा तरी गाडी हळू करतात.

संध्याकाळी ४.४५
खरसुंडी, सांगली जिल्हा. हाही सिद्धनाथच. भक्तासाठी म्हसवडचा नाथ इथं आला अशी कथा. पौषात इथं खिलार जनावरांचा बाजार भरतो. दादांच्या वडलांनी इथूनच खोंड घेतलेला, तो कुठं बांधलेला होता ती जागा ते दाखवतात. आता तिथं गाड्या लागतात. पार्किंग ५० रुपये. देवळातून परत येताना पोरांच्या डोक्यावर गुलाल, हातात खोबरं. दादा सीटवर जुनी चादर पसरतात.

रात्री ७.३०
म्हसवड. ठरलेले ३,८०० हातात येतात, वर आज्जींकडून शंभर. दादा ते नको म्हणतात, मग घेतात. त्यातून डिझेल, पावत्या, पंक्चर मिळून २,०५० गेले. उरले १,८५०. गाडीचा हप्ता महिन्याला १४,०००, आणि पुढची दोन्ही टायरं पावसाळ्याआधी बदलायचीत. फोन वाजतो. पुढच्या रविवारचं बुकिंग, बारा जण. "बारा न्हाय बसायचे. धा बसतील. पाच हजार, आणि पार्किंग तुमचं." पलीकडून साडेचार म्हणतात. दादा टायरांकडं बघतात आणि म्हणतात, "सत्तेचाळीसशे."