पापणीसरशी पातळ होणारा थेंब

सकाळी डोळ्यांत बसवलेली काँटॅक्ट लेन्स दुपारपर्यंत आठवतही नाही. संध्याकाळी मात्र डोळे चुरचुरायला लागतात, काहीतरी खुपत राहतं. लेन्स तीच, डोळाही तोच. आटलेला असतो तो दोघांमधला ओलावा.

डोळ्यावरचा अश्रूंचा थर असतो जेमतेम तीन मायक्रोमीटर जाडीचा. एवढ्याशा जाडीत खाली चिकट श्लेष्म, मध्ये पाणी आणि वर तेलाचा तवंग. हे तेल पापणीच्या कडेला ओळीनं बसलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. 1666 साली हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्यानं त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. तेल नसेल तर पाणी बघता बघता उडून जाईल. आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी त्याला लागणारा बहुतेक प्राणवायू हवेतून या थरात विरघळून पोचतो.

अशा थरात आपण त्याच्या कितीतरी पट जाड लेन्स ठेवतो! थर दुभंगतो, लेन्सवर तेल नीट पसरत नाही आणि पाणी लवकर उडतं. त्यात स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात. मऊ लेन्सच्या पोटात स्वतःचं पाणी असतं. चेक रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले यांनी 1961च्या नाताळात प्राग इथल्या आपल्या घरी, मुलांच्या मेर्कूर खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून, फिरत्या साच्यात अशा लेन्स घडवल्या होत्या. पण अशा लेन्सचाही पृष्ठभाग सुकला की पापणी दर वेळी त्यावर घासते.

इथे कृत्रिम अश्रूंचा थेंब कामाला येतो. बऱ्याच थेंबांत सोडियम हायल्युरोनेट असतं. त्याचं मूळ आम्ल 1934 साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या काचद्रवातून वेगळं केलं. त्याच्या लांबलचक साखळ्या पाणी धरून ठेवतात. डोळा उघडा असताना त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून द्रव दाट राहतो, चटकन ओघळत नाही. पापणी सर्रकन खाली आली की त्याच साखळ्या एका दिशेनं सरळ होतात, द्रव पातळ होतो आणि पापणी विनासायास सरकते. पापणी थांबली की पुन्हा गुंता, पुन्हा दाटपणा. दिवसभरात हजारो वेळा! मला तर हे लेन्सच्या शोधाइतकंच थोर वाटतं.

एका वेळी एकच थेंब पुरे. बाटलीतून पडणारा थेंबच डोळ्यात मावू शकेल इतका किंवा त्याहून मोठा असतो. दुसरा गालावर येतो. मेडिकलमध्ये बाटली घेताना ती लेन्सवर चालते असं लिहिलंय का, हे बघा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह मऊ लेन्समध्ये मुरतं आणि कॉर्नियाला त्रास देतं, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब बरे. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, ते कृत्रिम अश्रू नव्हेत. नळाचं पाणी किंवा थुंकी लेन्सला कधीच लावू नका. पाण्यातल्या अकँथमिबा या सूक्ष्मजीवामुळे दृष्टी गेल्याची उदाहरणं आहेत.

आणि डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, अंधुक दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर थेंब टाकत बसू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना डोळा दाखवा.